निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक आणि नोआ वेब्स्टर

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेले, की एक जाडजूड इंग्रजी कोश हमखास दृष्टीस पडतो. तो उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून तो सहसा खालच्या फळीवर ठेवलेला असतो. त्याच्या पाठीवर ‘वेब्स्टर’ हे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असते. वाचक येतो, शब्द पाहतो, कोश मिटतो आणि निघून जातो. वेब्स्टर हे एका माणसाचे नाव आहे, हा माणूस मूळचा खेड्यातला शाळामास्तर होता आणि त्याला घराघरांत पोचविले ते या भव्य कोशाने नव्हे, तर लहान मुलांना स्पेलिंग शिकविणाऱ्या एका छोट्या, स्वस्त पुस्तकाने, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्रजी स्पेलिंगचा जाच मराठी मुलाला वेगळा सांगावा लागत नाही. बाराखडी एकदा जिभेवर बसली, की मराठी मूल समोरचा शब्द बव्हंशी वाचू शकते. इंग्रजीत तसे होत नाही. ‘थ्रू’, ‘टफ’ आणि ‘दो’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी ओ, यू, जी, एच ही तीच चार अक्षरे येतात आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा उच्चार निराळा होतो. हा जाच केवळ परभाषिकांनाच होतो असे मात्र नाही. ज्यांची ती मातृभाषा, त्यांच्या मुलांनीही शतकानुशतके याच ठिकाणी छड्या खाल्ल्या. त्या मुलांची वाट थोडी सुकर करावी, या हेतूने वेब्स्टर यांनी लेखणी हाती घेतली आणि पुढची साठ वर्षे ती खाली ठेवली नाही.

नोआ वेब्स्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेतील कनेटिकट प्रांतात, हार्टफर्डजवळील एका शेतकरी कुटुंबात झाला. त्या वेळी अमेरिका ही इंग्लंडची वसाहत होती. वडिलांचे नावही नोआच. मुलाचे मन नांगरापेक्षा पुस्तकात अधिक रमते, हे ओळखून त्यांनी १७७४ मध्ये त्याला येल महाविद्यालयात पाठविले आणि त्यासाठी शेत गहाण टाकले. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. अन्नटंचाईमुळे महाविद्यालयाचे वर्ग विखुरले आणि शिक्षणात वारंवार खंड पडला. तरीही १७७८ मध्ये वेब्स्टर पदवीधर झाले. घरी परतल्यावर वडिलांनी त्यांच्या हातावर आठ डॉलरची नोट ठेवली आणि यापुढे आपला मार्ग आपणच शोधावा, असे सांगितले. युद्धकाळातील त्या कागदी चलनाला बाजारात फारशी किंमत उरलेली नव्हती.

वकिलीचा अभ्यास करण्याची इच्छा होती, पण पोट भरणे आधी आवश्यक होते. म्हणून वेब्स्टर शाळामास्तर झाले. १७८१ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली, परंतु युद्धाने खंक झालेल्या प्रांतात नवख्या वकिलाकडे कोण येणार? ते पुन्हा शाळेकडे वळले आणि १७८२ मध्ये न्यूयॉर्क प्रांतातील गोशेन या गावी शिकवू लागले. त्या काळच्या गावशाळा म्हणजे एकच खोली. सर्व वयांची मुले तिच्यात दाटीवाटीने बसत आणि पुस्तके मोजकीच असत. इंग्रजी वाचन शिकविण्यासाठी बहुतेक ठिकाणी टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे १७४० मधील पुस्तक चालत असे. त्यात इंग्लंडमधील गावांची नावे पाठ करावी लागत. अमेरिकेतील शेतकऱ्याच्या मुलाने ज्या गावांचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांची स्पेलिंगे चुकली म्हणून त्याला शिक्षा होत असे.

परंतु वेब्स्टर यांचा खरा आक्षेप अधिक मूलगामी होता. डिलवर्थच्या पुस्तकात शब्दांचे अवयव पाडण्याची रीत लॅटिन व्याकरणाला धरून होती, मुलाच्या जिभेला धरून नव्हती. ‘क्लस्टर’ या शब्दातील ‘एस’ हे अक्षर डिलवर्थ दुसऱ्या अवयवात ढकलतो. मूल मात्र बोलताना ते पहिल्या अवयवाबरोबरच उच्चारते. ‘नेशन’ या शब्दाचे जुन्या रीतीने तीन तुकडे होत, तर प्रत्यक्ष बोलण्यात दोनच ऐकू येतात. याचा परिणाम असा होई, की मूल जे बोलते ते पुस्तकात दिसत नसे आणि पुस्तकात दिसते ते त्याच्या कानावर कधी आलेले नसे. वेब्स्टर यांनी ही रीत उलटी केली. कान आधी, डोळा नंतर, हे त्यांचे सूत्र होते. शब्द जसा बोलला जातो तसाच तो तोडावा, म्हणजे अक्षरे पाहून योग्य उच्चार आपोआप तोंडात येईल, असे त्यांनी ठरविले.

गोशेनच्या मुक्कामात रात्री जागून त्यांनी हे पुस्तक सिद्ध केले. छापण्यास कोणी प्रकाशक धजेना. अखेर हार्टफर्ड येथील हडसन आणि गुडविन या मुद्रकांनी, वेब्स्टर यांच्याकडून वचनचिठ्ठी घेऊन, पाच हजार प्रती छापल्या. किंमत चौदा पेन्स ठेवली. १७८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य तहाने मान्य केले आणि ऑक्टोबरात हे पुस्तक बाहेर पडले. त्याचे मूळ नाव येलचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांच्या सूचनेवरून ‘इंग्रजी भाषेची व्याकरणसंस्था’ अशा अर्थाचे, भारदस्त आणि मुलांना बिचकविणारे ठेवले होते. पुढे व्याकरण आणि वाचनमाला असे आणखी दोन भाग आले. थोड्याच वर्षांत वेब्स्टर यांनी पहिल्या भागाचे नाव बदलून ‘अमेरिकन स्पेलिंग बुक’ असे सुटसुटीत केले. लोकांनी मात्र तेही नाव बाजूला ठेवले. पुस्तकाला निळ्या कागदाचे पुठ्ठे असत, म्हणून ते सर्वतोमुखी ‘निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक’ झाले.

या पुस्तकाची मांडणी आजही शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. प्रारंभी वर्णमाला आणि त्यानंतर एकेका व्यंजनाला पाचही स्वर जोडून तयार होणारे ध्वनी येतात. आपल्या बाराखडीशी त्याचे साम्य चटकन लक्षात येईल. मग तीन अक्षरांचे सोपे शब्द येतात. ते अर्थावरून नव्हे, तर ध्वनीवरून एकत्र आणलेले आहेत. ‘बिग, डिग, फिग’ हे शब्द एकाखाली एक, उभ्या रांगेत. पहिले अक्षर तेवढे बदलते, उरलेला साचा तोच राहतो. मुलाला एक शब्द आला, की रांगेतील बाकीचे फुकट मिळाल्यासारखे येतात. त्यानंतर दोन अवयवांचे शब्द, मग तीन, मग चार. त्यातही आघात पहिल्या अवयवावर असणारे शब्द एका कोष्टकात आणि दुसऱ्यावर असणारे दुसऱ्या कोष्टकात. स्वरांचे निरनिराळे उच्चार ओळखता यावेत म्हणून शब्दांवर बारीक आकडे घातलेले होते. इंग्लंडमधील गावांच्या जागी अमेरिकेतील राज्ये, नद्या आणि गावे आली.

केवळ शब्दांच्या रांगा घोकून भाषा येत नाही, हेही वेब्स्टर जाणून होते. म्हणून कोष्टकांच्या अधूनमधून सोप्या वाक्यांचे पाठ आणि काही बोधकथा त्यांनी दिल्या. परक्याच्या झाडावर चढून सफरचंदे चोरणारा मुलगा, त्याला आधी शब्दांनी, मग गवताच्या काड्या फेकून आणि शेवटी दगड मारून खाली उतरविणारा म्हातारा, ही गोष्ट अमेरिकेतील कित्येक पिढ्यांच्या स्मरणात राहिली. पुढे १८२९ मध्ये त्यांनी हे पुस्तक ‘एलिमेंटरी स्पेलिंग बुक’ या नावाने नव्याने रचले, तेव्हा या विचाराला पूर्ण रूप आले. शब्दांच्या कोष्टकाखाली आता त्याच शब्दांची छोटी वर्णनपर वाक्ये येऊ लागली. एखादा प्राणी कसा असतो, एखादे अवजार कशाच्या उपयोगी पडते, शेतात आणि घरात कोणती कामे चालतात, हे एकेका वाक्यात सांगितलेले असे. शब्द आधी कानाला, मग डोळ्याला आणि शेवटी वाक्यात बसवून मनाला परिचित व्हावा, अशी ही तीन पायऱ्यांची चढण होती.

पहिल्या पाच हजार प्रती वर्षाच्या आत संपल्या. टीकाही झाली. १७८४ मध्ये ‘डिलवर्थचे भूत’ असे टोपणनाव घेऊन एकाने वृत्तपत्रांतून वेब्स्टर यांच्यावर झोड उठविली. वेब्स्टर गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. ते मानी होते, वादप्रिय होते आणि स्वतःच्या कामगिरीविषयी बोलताना विनय बाळगण्याची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांना शत्रूंची वाण कधीच पडली नाही. परंतु टीकेपेक्षा मोठे संकट चोरट्या छपाईचे होते. लेखकाच्या हक्काचे रक्षण करणारा कायदा तेव्हा बहुतेक राज्यांत नव्हता आणि सबंध देशासाठी एक कायदा करील अशी सत्ताही नव्हती. वेब्स्टर राज्याराज्यांतून प्रवास करीत, व्याख्याने देत, विधिमंडळांपुढे अर्ज करीत हिंडले. १७८५ मध्ये ते जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेटले. १७९० मध्ये संघराज्याचा पहिला स्वामित्वहक्क कायदा झाला, त्यामागे या भटकंतीचा मोठा वाटा आहे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते पुन्हा राजधानीत ठाण मांडून बसले आणि १८३१ च्या कायद्याने हक्काची मुदत वाढवून घेतली.

याच प्रवासात फिलाडेल्फिया येथे त्यांची गाठ वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी पडली आणि वेब्स्टर यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. १७८३ च्या पुस्तकात त्यांनी स्पेलिंगे इंग्लंडमधलीच ठेवली होती. ‘ऑनर’सारख्या शब्दातून ‘यू’ गाळू पाहणाऱ्यांना त्यांनी त्या वेळी दोषच दिला होता. फ्रँकलिन यांनी १७६८ मध्येच उच्चारानुसारी लिपीचा एक आराखडा केला होता. त्यात सहा अक्षरे गाळून सहा नवी घातली होती. नवी अक्षरे वेब्स्टर यांना पटली नाहीत, पण मूळ प्रश्न पटला. मुलाला शिकविण्याची रीत कितीही सुधारली, तरी शिकवायची स्पेलिंगेच वाकडी असतील तर काय उपयोग? १७८९ मध्ये आपला भाषाविषयक व्याख्यानसंग्रह त्यांनी फ्रँकलिन यांना अर्पण केला आणि त्याच्या परिशिष्टात स्पेलिंग-सुधारणेची योजना मांडली. न उच्चारली जाणारी अक्षरे गाळावीत, एका ध्वनीला शक्यतो एकच चिन्ह असावे, असा तिचा आशय होता. पुढच्याच वर्षी काही निबंध त्यांनी नव्या स्पेलिंगात छापून दाखविले. लोक हसले. व्याख्यानसंग्रहाची विक्रीही झाली नाही आणि वेब्स्टर यांना पदरचे पैसे गमवावे लागले. त्याच १७८९ च्या ऑक्टोबरात त्यांचा रिबेका ग्रीनलीफ यांच्याशी विवाह झाला होता. संसाराच्या आरंभीच हा फटका बसला.

या अपयशाने ते खचले नाहीत, पण शहाणे झाले. १७९३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दैनिक काढले, १७९८ मध्ये ते न्यू हेवन येथे येऊन राहिले आणि १८०६ मध्ये त्यांचा पहिला छोटा कोश प्रसिद्ध झाला. या कोशात सुधारणेची व्याप्ती त्यांनी आवरती घेतली होती. ‘गव्हर्नर’, ‘एरर’ यांसारख्या शब्दांतून ‘यू’ पूर्वीच गळत चालला होता. मग ‘ऑनर’ आणि ‘कलर’ यांतच तो का ठेवावा? ‘म्युझिक’ आणि ‘पब्लिक’ यांच्या शेवटचा ‘के’ कशासाठी? ‘सेंटर’ आणि ‘थिएटर’ यांच्या शेवटी ‘आर-ई’ऐवजी ‘ई-आर’ का नको? साच्यात बसणाऱ्या अशा सुधारणा टिकल्या. ‘टंग’ आणि ‘विमेन’ हे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिण्याच्या त्यांच्या सूचना मात्र कोणी स्वीकारल्या नाहीत. या यशापयशातून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या माणसाला एकदा बसलेले स्पेलिंग बदलायला सांगितले, तर त्याला तो स्वतःच्या शिक्षणाचा अपमान वाटतो. मुलाला मात्र जुने काही टाकायचे नसते. वेब्स्टर यांची नवी स्पेलिंगे अमेरिकेत रुजली, ती विद्वानांनी मान्य केली म्हणून नव्हे. शाळेच्या पुस्तकांतून आणि कोशांतून वाढलेल्या मुलांना दुसरी ठाऊकच नव्हती, म्हणून ती रुजली. भारतात इंग्लंडची रीत आली. त्यामुळे आपल्या शाळांत ‘कलर’मधला ‘यू’ गाळणाऱ्या मुलाच्या वहीत लाल फुली पडत आली, आणि आज संगणक मात्र पुष्कळदा ‘यू’ घालणाऱ्याच्याच शब्दाखाली लाल रेघ ओढतो. दोन्हीच्या मागे या एका शाळामास्तराची छाया आहे.

मोठ्या कोशाचे काम १८०७ मध्ये सुरू झाले आणि ते वीस वर्षे चालले. वाटोळ्या मोठ्या मेजावर निरनिराळ्या भाषांचे कोश आणि व्याकरणे मांडलेली असत आणि वेब्स्टर एका शब्दाचा माग काढीत त्याच्याभोवती फिरत. संस्कृतासह वीसहून अधिक भाषांचा त्यांनी या कामासाठी परिचय करून घेतला. घरात मुले वाढत होती आणि प्राप्ती जवळजवळ नव्हती. तो सारा संसार निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या मानधनावर चालला. एका प्रतीमागे मिळणारी रक्कम एक सेंट किंवा त्याहूनही कमी असे. शिवाय पैशाच्या निकडीपोटी काही भागांतील छपाईचे हक्क त्यांनी पूर्वीच ठोक रकमेला देऊन टाकले होते. तरीही कोशकाराला जगविले ते मुलांच्या दिडक्यांनीच. १८१२ मध्ये खर्च कमी व्हावा म्हणून ते ॲमहर्स्ट या खेड्यात राहायला गेले आणि १८२२ मध्ये न्यू हेवनला परतले. १८२४ मध्ये मुलगा विल्यम याला घेऊन ते पॅरिसला आणि तेथून इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. तेथेच १८२५ च्या जानेवारीत शेवटचा शब्द लिहून झाला, तेव्हा त्यांचा हात थरथरू लागला आणि काही वेळ त्यांना खोलीत येरझारा घालाव्या लागल्या.

‘ॲन अमेरिकन डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हा कोश १८२८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. शब्द सुमारे ७०,०००, प्रती २,५००, किंमत वीस डॉलर. वेब्स्टर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्यांच्या व्युत्पत्ती मात्र बव्हंशी कोसळल्या. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्येच संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते दाखविले होते आणि जर्मन पंडितांनी त्यावर शास्त्र उभारले होते. वेब्स्टर यांनी बायबलमधील कथेला धरून सर्व भाषांचे मूळ एका प्राचीन भाषेत शोधले आणि तेथे ते चुकले. १८६४ च्या आवृत्तीत त्या व्युत्पत्ती एका जर्मन विद्वानाकडून नव्याने लिहून घ्याव्या लागल्या. परंतु शब्दाचा अर्थ नेमक्या वाक्यात सांगण्याच्या कलेत त्यांची बरोबरी क्वचितच कोणी केली. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीही हा गुण मनमोकळेपणाने मान्य केला. ज्याने मुलांसाठी तीन-चार शब्दांची वाक्ये घडविली, त्याच्या हाताला ही मितव्ययी रेखीवता आली असावी.

वीस डॉलर देऊन कोश घेणारे थोडेच होते. १८४१ मधील दुसऱ्या आवृत्तीसाठी वेब्स्टर यांनी राहते घर गहाण टाकले. एके काळी वडिलांनी आपल्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकले होते, त्याची ही जणू परतफेड होती. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. न खपलेल्या प्रती आणि हक्क स्प्रिंगफील्ड येथील मेरियम बंधूंनी विकत घेतले. १८४७ मध्ये त्यांनी कोश एका खंडात आणून सहा डॉलरला विकला, तेव्हा तो घराघरांत गेला. पुढे हक्काची मुदत संपली आणि ‘वेब्स्टर’ हे नाव कोणीही वापरावे असे झाले. लेखकाच्या हक्कासाठी जन्मभर झगडलेल्या माणसाचे नावच शेवटी सार्वजनिक झाले.

निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाची कथा मात्र येथे संपत नाही. १८३७ पर्यंत त्याच्या दीड कोटी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सुमारे सहा कोटी प्रती खपल्या, असे सांगितले जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकविणे हा गुन्हा होता. बाल्टिमोरमध्ये गुलाम म्हणून राबणारा फ्रेडरिक डग्लस हा मुलगा हे पुस्तक खिशात बाळगीत असे. रस्त्यावर भेटणाऱ्या गोऱ्या मुलांकडून तो शब्द शिकला आणि याच पुस्तकातील तिरपी अक्षरे गिरवून लिहायला शिकला. पुढे तो गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा थोर वक्ता आणि लेखक झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाल्यावर बुकर वॉशिंग्टन या मुलाच्या आईने कोठून तरी याच पुस्तकाची एक जुनी प्रत पैदा केली. आईला स्वतःला एक अक्षर येत नव्हते आणि भोवतालच्या त्यांच्या लोकांपैकी कोणालाही वाचता येत नव्हते. शिक्षक नसताना त्या मुलाने काही आठवड्यांत बहुतेक वर्णमाला आत्मसात केली. हाच मुलगा पुढे टस्कीगी येथील प्रसिद्ध शिक्षणसंस्थेचा प्रमुख झाला. शिकविणारा नसेल तेथेही पुस्तकाने शिकवावे, इतकी सोपी पायरी वेब्स्टर यांनी घडविली होती, याची याहून मोठी साक्ष दुसरी नाही.

वेब्स्टर यांचा १८२८ चा कोश आज मोठ्या ग्रंथालयांत जपून ठेवलेला असतो. निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्त्या मात्र अत्यंत दुर्मिळ झाल्या आहेत. त्या हरवल्या नाहीत किंवा जाळल्याही गेल्या नाहीत. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून शेजारच्या मुलाकडे जाता जाता त्यांची पाने सुटली, कोपरे झिजले आणि शेवटी काही उरले नाही. ग्रंथालय चालविणाऱ्यांना फाटलेल्या पुस्तकाचे दुःख होणे साहजिक आहे. तथापि बालविभागातील एखादे पुस्तक तिसऱ्यांदा बांधणीला पाठविताना या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे स्मरण ठेवावे. त्याच्या प्रती राहिल्या नाहीत, कारण त्या वाचल्या गेल्या.